३० टक्केवाला कंपनी चालवतो, हो, चालवतो

तुमची कमेंट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की ३० टक्के शेअर असलेला माणूस कंपनीचा मालक असतो हे मी लिहिलं ते साफ चूक, ५१ टक्क्यांशिवाय कंट्रोल येत नाही आणि माझं गणित कच्चं आहे. आधी जे चुकलं ते मान्य करतो, "मालक" हा शब्द नको होता, मालकी त्याची ३० टक्केच. पण कंट्रोलचं म्हणाल तर मी मागे हटणार नाही.

तुम्ही भागताय कशाने ते बघा ना. तुम्ही एकूण शेअर्सनी भागताय, आणि साधा ठराव पास होतो तो पडलेल्या मतांवर. समजा शेअर १००, त्यातल्या ५५ चंच मतदान झालं (बाकीच्यांनी ई-व्होटिंगचा मेल उघडलाच नाही, मीही कितीदा तेच केलंय), तर २८ मतांत काम फत्ते. ३० वाला एकटाच पुरला की! त्यात डायरेक्टर (कंपनी चालवणारं बोर्ड यांचंच) निवडताना बहुतेक ठिकाणी प्रत्येक जागेवर वेगळं मतदान होतं, म्हणजे त्याला ३० टक्के जागा मिळत नाहीत, सगळ्याच्या सगळ्या मिळतात, आणि विरोधातल्या २५ ना एकही नाही. क्युम्युलेटिव्ह व्होटिंग (जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक शेअरला) असेल तर त्यांना सगळी मतं एकाच उमेदवारावर टाकून एखादी जागा काढता येते, पण ते फार थोड्या कंपन्यांत असतं. हां, समोर दुसरा २० वाला उभा राहिला आणि त्याने फंडवाल्यांना गोळा केलं तर हा डोलारा कोसळतो, एवढं तुमचं खरं.

दुसरं म्हणजे एक शेअर एक मत हे तुम्ही धरूनच चाललात. फेसबुकवाल्या मेटामध्ये झुकरबर्गकडे शेअर साधारण १३ टक्के, पण त्याच्या बी क्लासच्या एका शेअरला १० मतं, त्यामुळे एकूण मतं ६० टक्क्यांच्या आसपास. फोर्ड कुटुंबाचं तर विचारूच नका, कंपनीतला हिस्सा जेमतेम २ टक्के आणि मतं ४० टक्के. आता यात ५१ कुठे बसवता?

बरं, ५१ असले तरी सगळं हातात येतंच असं नाही. भारतात काय, ब्रिटनमध्ये काय, विशेष ठरावाला (कंपनीची नियमावली बदलण्यासारखे मोठे निर्णय) पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के लागतात, म्हणजे २६ वाला अडवू शकतो.

शेवटी तुम्ही टोमणा मारलाय, "मग छोट्यांनी मत द्यायचंच कशाला?" २०२१ मध्ये एक्सॉनमोबिल या अमेरिकन तेल कंपनीत इंजिन नंबर वन नावाच्या छोट्याशा फंडाकडे ०.०२ टक्के शेअर होते, आणि त्यांनी १२ जणांच्या बोर्डावर आपले ३ जण बसवले. मतं अर्थातच त्यांची नव्हती, ब्लॅकरॉकसारखे मोठे फंड त्यांच्या बाजूने गेले म्हणून जमलं. पण त्या मोठ्यांपुढे उमेदवार ठेवले ते या ०.०२ वाल्यांनीच.

"मालक" शब्द मूळ लेखातून काढलाय.