घोटा सुजला, मंडळी जमली

जिना संपला असं मला वाटलं. एक पायरी बाकी होती. पाऊल आत मुडपलं, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला 'कट्' झालं. अशा वेळी बहुधा तिथला पुढचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, ताणतो किंवा थोडा फाटतो.

पहिली बातमी लागते मास्ट पेशींना. त्या रक्तवाहिन्यांच्या कडेला बसूनच असतात, चाळीच्या गॅलरीतल्या आजींसारख्या. खट्ट झालं की हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. बारीक धमन्या रुंदावतात, जास्तीचं रक्त येतं, घोटा लाल आणि गरम. मग बारीक शिरांच्या भिंतीत फटी पडतात, प्रथिनांसकट पाणी बाहेर झिरपतं आणि ती प्रथिनं आणखी पाणी धरून बसतात. ही सूज. ब्रॅडिकायनिन हे दुसरं रसायन मज्जातंतूंना डिवचतं आणि प्रोस्टाग्लँडिन हे तिसरं त्यांना इतकं हळवं करतं की चादरीचं टोक लागलं तरी आई आठवते. लाली, उष्णता, सूज, वेदना ही यादी रोमच्या सेल्सस या वैद्यकलेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवली. 'काम बंद' हे पाचवं लक्षण पुढे जोडलं गेलं. घरच्यांच्या मते माझ्यात ते जन्मजात आहे.

काही तासांत न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातले पांढरे शिपाई, येतात. शिरेच्या भिंतीवर घरंगळत, मग चिकटत, शेवटी फटीतून अंग चोरून बाहेर. येतात ते जंतू मारायला. मुरगळीत जंतू कुठले? पण आलोच आहोत तर, म्हणून विकरं (एन्झाइम) ओततात, शेजारची धडधाकट ऊतीही थोडी बिघडवतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. पसारा गिळायला मॅक्रोफेज, म्हणजे पेशींमधले सफाई कामगार, साधारण 48 तासांनी. दुरुस्तीच्या पेशींना बोलावणारे तेच.

घरातही हाच क्रम. समोरचे अण्णा तेलाची वाटी घेऊन चोळायला, काकू ऊन ऊन लेप घेऊन. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश दोन्ही नको. आधीच गळणाऱ्या नळाची चावी आणखी सोडण्यातला प्रकार. बर्फ रुमालात गुंडाळून 15 मिनिटं, तेही दुखणं कमी व्हावं म्हणून. विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे सूत्र 1978 साली मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे म्हटलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. क्रेप बँडेज बोटांकडून वर. बोटं निळी किंवा बधिर झाली तर लगेच सोडायचं. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये, दाबल्यावर दुखत असेल, तर वाटी-लेप बाजूला ठेवून एक्स-रे.

चौथ्या दिवशी निळा डाग टाचेशी घसरला. सांडलेलं रक्त आपल्याच वजनाने खाली उतरतं, आणि त्यातलं हिमोग्लोबिन फुटत जातं तसा डाग आधी हिरवा, मग पिवळा होतो.

"बघ, विष उतरतंय! म्हटलं नव्हतं तुला, आंबेहळद लाव?" काकू म्हणाल्या, आणि उरलेला लेप घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघ्याकडे गेल्या.