कशानं उठतं?

काल सकाळी एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये माझ्या उघड्या मांडीचा फोटो नऊ अनोळखी माणसांनी पाहिला. त्यातल्या एकानं तर झूम करून पाहिला.

झालंय असं की, गेले आठ महिने माझ्या अंगावर पित्त उठतं. रात्री दोन-अडीचला मांडी, पोट, पाठ लालभडक, पुरीएवढ्या गांधी. आणि सकाळी डॉक्टरांसमोर शर्ट वर केला की कातडी एकदम सोज्वळ, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या कार्ट्यासारखी. "दिसत तर काही नाही," असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. चौथ्यांनी फोटो काढून आणायला सांगितलं. म्हणून ते फोटो.

शेजारी एक काकू होत्या. त्यांना स्वतःला काहीच झालेलं नव्हतं, त्या 'ह्यांना' घेऊन आल्या होत्या. 'हे' पेपरमागे होते.

"काय होतंय?"

"पित्त."

"छातीत की अंगावर?"

"अंगावर."

"कशानं?"

"तेच शोधायला आलोय."

"वांगं खाता?"

"आठ महिन्यांत तोंडात घातलेलं नाही."

"त्याआधी खायचात ना? तेच निघतंय आता."

यावर काय बोलणार? खाल्लं तरी वांगं, सोडलं तरी वांगं. मग आमसुलाचं पाणी चोळलं का, गेरू लावला का, घोंगडी पांघरली का, अशी उलटतपासणी झाली. तिन्हींची उत्तरं 'हो' आल्यावर त्या जरा नाराज झाल्या आणि म्हणाल्या, "फोटो असेल ना?"

मी एक फोटो दाखवायला फोन पुढे केला. फोन गेला तो गेलाच.

"अगंबाई! हे पोट का?"

"मांडी."

"अहो, बघा हो!" पेपर दोन इंच खाली आला, पुन्हा वर गेला. तोवर फोन समोरच्या बाकावर पोचला होता. झूम करणारा तरुण तिथलाच. "काका, हा भाग नकाशासारखा दिसतोय," तो म्हणाला. मला काका म्हणाला, हेही मी लक्षात ठेवलंय. फिरत फिरत फोन काकूंकडे परत आला. त्यांनी आणखी चार वेळा बोट सरकवलं आणि त्या थेट माझ्या मेव्हण्याच्या लग्नात शिरल्या.

"ह्या मिसेस वाटतं? छान आहे पैठणी." मग आवाज बदलला. "आणि हे काय ताटात? भरली वांगी! फेब्रुवारीतला फोटो आहे. आठ महिन्यांत तोंडात घातलं नाही म्हणालात."

"ते ताट बायकोचं आहे," मी म्हणालो.

ताट माझंच होतं. लग्नात कोण पथ्य पाळतं? आणि त्या रात्री, हे मला नीट आठवतंय, अंगावर एक पुळीसुद्धा उठली नव्हती. पण हे सांगायची सोय उरली नव्हती. सगळी वेटिंग रूम माझ्याकडे खोटारड्याकडे पाहावं तशी पाहत होती.

खाज हा विनोदाचा विषय आहे हे मला मान्य आहे. फक्त आठ महिने सलग झोप न झालेल्या माणसाला ते सांगायला जाऊ नका. वांगं, दही, हॉटेलचं खाणं, ताण, नवा साबण, जुनी गादी, प्रत्येकाच्या खिशात एकेक आरोपी तयार आहे. "ताण घेऊ नका" म्हणणाऱ्यांना तर एकदा रात्री अडीचला फोन करणार आहे.

मीही आरोपी विकत घ्यायचा प्रयत्न केलाच. मध्यंतरी रक्ताची मोठी अ‍ॅलर्जी तपासणी केली, सहा हजार आठशे रुपयांची. तिच्यात शिंपले, राय, कीवी असल्या पदार्थांची लांबलचक यादी होती, जे आमच्या घरात कधी उंबरा ओलांडून आलेले नाहीत. 'सौम्य पॉझिटिव्ह' मात्र नेमके गहू आणि शेंगदाणा. सहा आठवडे दोन्ही बंद केले. दाण्याच्या कुटाशिवाय कोशिंबीर म्हणजे नुसती ओली काकडी, आणि उपवासाच्या खिचडीबद्दल तर मी बोलणारच नाही. वजन तीन किलो उतरलं. पित्त उठायचं ते उठतच होतं.

अखेर माझा नंबर आला. डॉक्टरांनी फोटो पाहिले (दहावे प्रेक्षक), एक गांध किती तास टिकते ते विचारलं, अंगदुखीच्या गोळ्या घेता का विचारलं, आणि तो महागडा रिपोर्ट न उघडताच बाजूला सारला. म्हणाले, रक्तात आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, सापडलं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे, एवढंच. ओळख म्हणजे भांडण नव्हे. अन्नाच्या अ‍ॅलर्जीनं उठायचं असेल तर सहसा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठतं. सहा आठवड्यांच्या वर रोज असं चालू असेल, तर बहुतेकांमध्ये बाहेरचं कारण सापडतच नाही. त्याला 'क्रॉनिक स्पॉन्टेनिअस अर्टिकेरिया' म्हणतात.

स्पॉन्टेनिअस म्हणजे उत्स्फूर्त. शाळेत उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेत मी स्टेजवर गप्प उभा राहिलो होतो. आता कातडी भरपाई करते आहे.

"म्हणजे कारणच नाही?"

"आतलं आहे. शरीराच्या स्वतःच्याच पेशी हिस्टामिन नावाचं खाज आणणारं रसायन सोडतात. रोज एक गोळी घ्या, गरज पडली तर डोस मी वाढवेन, मनानं नको. बऱ्याच जणांचं काही वर्षांत आपोआप जातं."

"आणि शेंगदाणे?"

"खा की."

सहा आठवडे! सहा आठवडे मी ओली काकडी खाल्ली.

बाहेर आलो तर काकू वाटच पाहत होत्या. "काय निघालं? कशानं?"

"कशानंच नाही."

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "म्हणजे वांगंच," त्या 'ह्यांना' म्हणाल्या. पेपरमागून हुंकार आला.

रिक्षात बसलो. चौकातल्या सिग्नलला कोपराजवळ खाज सुटली. बाही वर केली तर तीन गांधी, टपोऱ्या, ताज्या, भर उजेडात. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दिवसाउजेडी. घड्याळात पाहिलं, बारा चाळीस. डॉक्टर साडेबाराला उठतात.