लवंग नाही, केळंही नाही

भाच्याला बढती मिळाली म्हणून तो मला बाणेरच्या एका ब्रुअरीत घेऊन गेला. बीअरबद्दल माझ्या अटी दोनच: ती थंड असावी आणि बिल दुसऱ्याने द्यावं. दुसरी आधीच मान्य झाली होती, म्हणून निमूट गेलो.

आत शिरल्यावर दारू पिण्याचा पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडला. महाराष्ट्रात हा परवाना मिळतो तो 'आरोग्य राखण्यासाठी'. माझ्या प्रकृतीची एवढी काळजी घरातही कुणी करत नाही.

मग भोकं पाडलेल्या लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. पहिली बेल्जियन पद्धतीची विटबीअर. दिसायला थेट तांदूळ धुतलेलं पाणी.

"गाळायची राहिली वाटतं," मी म्हणालो.

"अरे मामा, गव्हाची आहे, गढूळच असते." मग भाच्याने इतिहास काढला. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बीअर बंदच पडली होती, 1966 मध्ये पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. दूधवाला म्हटल्यावर रंगाचं कोडं सुटलं.

"पटकन गिळू नकोस. आधी वास घे, मग तोंडात फिरव. काय काय लागतंय सांग."

चारचौघांत चूळ भरल्यासारखं तोंड करून मी विचार केला. दाढेच्या डॉक्टरकडे येतो तसा वास. "लवंग जरा जास्त पडलीय."

बीअर बनवणारा दाढीवाला पोरगा शेजारीच उभा होता. "काका, लवंग घातलेलीच नाही. तो वास बीअर आंबवणाऱ्या यीस्टमुळे येतो."

"बरं. पण शिकरणाचा वास येतोय, म्हणजे केळं..."

"तेही यीस्टच."

"मग घातलंय काय?"

"धने आणि संत्र्याची साल."

धने! ज्या घरात दर उन्हाळ्यात गोड्या मसाल्यासाठी किलोभर धने भाजतात, त्या घरात मी साठ वर्षं जेवलो. जे होतं ते मला लागलं नाही आणि जे लागलं ते नव्हतंच. मी कोर्टात साक्षीदार असतो तर नाहक कुणीतरी फासावर गेलं असतं.

पुढचे दोन ग्लास लक्षात ठेवण्यासारखे नव्हते. चौथी मात्र ट्रिपेल, म्हणजे बेल्जियन पद्धतीचीच कडक बीअर, नऊ टक्के अल्कोहोलची. सोनेरी, अंगाने हलकी, अगदी सालस. हिच्यात साखर घालतात आणि यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करतं. गोडवा फारसा उरत नाही, उरतो तो प्रताप. अर्ध्या ग्लासात मला वाचा फुटली. जायफळ सापडलं, आजोळची आंब्याची आढी सापडली, पहिल्या पावसात भिजलेलं पोतंही सापडलं. दाढीवाला मान डोलवत होता. भाचा मोबाईलवर टिपून घेत होता. पोत्याला तर शेजारच्या टेबलावरूनही दाद आली.

रात्री बायकोने दार उघडलं. मी काही बोलायच्या आत तिने नाक जरासं पुढे केलं.

"धने," ती म्हणाली. "आणि संत्र्याची साल. कुणाकडे काढा प्यायलात?"