डिस्प्ले जातो

माझ्या टेबलावर तीन मॉनिटर आहेत. मधला मोठा, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र रंगवणारा. डावीकडचा सरळमार्गी, ६० हर्ट्झचा. उजवीकडचा वयस्कर, त्याला एचडीएमआय नाही, म्हणून तो कन्व्हर्टर लावून चालतो. यांतला एखादा गेल्या हिवाळ्यापासून अधूनमधून काळा पडायला लागला. दोन-तीन सेकंद अंधार, मग परत उजेड, आणि चेहरा असा की काही झालंच नाही. कधी मधला जायचा, कधी डावा. उजवा कधीच गेला नाही. म्हाताऱ्यांचं असंच असतं, असं माझे वडील यावर समाधानाने म्हणाले.

मला तीन मॉनिटर लागतात, कारण मी बिल्डर लोकांसाठी थ्रीडी चित्रं करतो. पुण्याबाहेर जिथे आज बाभळी आणि एक पाण्याचा टँकर उभा आहे, तिथे मी संध्याकाळचं सोनेरी ऊन, स्विमिंग पूल आणि त्याच्या काठाने हसत चाललेलं कुटुंब उभं करतो. एका पडद्यावर इमारत, दुसऱ्यावर नकाशा आणि तिसऱ्यावर बिल्डरचे 'अजून थोडी झाडं वाढवा' असे निरोप. "माणसाला डोळे दोनच असतात," हे वडिलांचं या व्यवस्थेवरचं कायमचं मत आहे.

संशय पहिल्याच दिवशी ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या भागावर गेला, कारण ते ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेलं होतं. ते काम माझ्या भाच्याचं. भाचा इंजिनिअरिंगला आहे. कितव्या वर्षाला, हे घरात विचारायचं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत आला, कार्डाचं तापमान पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हे कार्ड झोपलंय." मग त्याने मला समजावून सांगितलं की एकाच कारखान्यात एकाच नमुन्यावर बनलेल्या दोन चिप सारख्या निघत नाहीत. त्यातली अशक्तातली अशक्त चिपही झेपवू शकेल असा वेग कंपनी ठरवते आणि तोच सगळ्यांवर छापते. म्हणजे आपली चिप सशक्त असेल, तर तिची वरची ताकद कंपनी आपल्याला न सांगता कुलपात ठेवते. आपली अशक्त असेल तर? त्यावर तो म्हणाला, "तसं धरून चालायचं नसतं."

या पंथाचा सुवर्णकाळ १९९८ सालचा. त्या वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमधल्या रस्त्याचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा हा गरीब प्राणी ४५० वर पळायचा, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात महाग प्रोसेसरच्या पंक्तीला बसायचा. भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण सांगताना त्याचा आवाज स्वातंत्र्यलढ्याबद्दल बोलल्यासारखा होतो. तेव्हापासून प्रत्येक पिढीची खात्री आहे की कंपनीने आपल्यापासून काहीतरी लपवलंय. आणि खरं सांगायचं तर आता कंपन्याच वेग वाढवून, खोक्यावर 'ओसी' (ओव्हरक्लॉक्ड) छापून, जास्त पैशाला कार्डं विकतात. त्यामुळे लपवलेलं फारसं काही उरलेलंही नाही. माझं कार्ड तसलंच 'ओसी' होतं. भाच्याने आफ्टरबर्नर नावाचं वेग वाढवायचं सॉफ्टवेअर उघडून त्यावर आणखी चढवलं. कोअरला, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपला अधिक दीडशे मेगाहर्ट्झ, मेमरीला अधिक हजार. त्यानंतर रेंडर, म्हणजे संगणकाने चित्र रंगवून पूर्ण करणं, होईपर्यंत जो चहा निवांत व्हायचा, तो थोडा घाईत प्यावा लागू लागला. फायदा म्हणाल तर एवढाच.

डिस्प्ले जायला लागल्यावर आधी दुकानातल्या पोराला फोन केला. त्याने लक्षणं पूर्ण ऐकूनही घेतली नाहीत. "रॅम काढून खोडरबरने घासा साहेब. नाहीतर आणून टाका, फॉरमॅट मारून देतो." आपल्याकडे संगणकाच्या वैद्यकात ही दोनच औषधं आहेत, आणि राग येतो तो याचा की निम्म्या वेळा ती लागू पडतात. मी रॅम घासली. रॅम चकाकली. डिस्प्ले गेला.

भाच्याला बोलावणं धाडलं. तो पेनड्राइव्ह, स्क्रू ड्रायव्हर आणि एका आठवड्याचे कपडे घेऊन आला.

पहिल्यांदा त्याने स्वतःचीच करणी उलटवली. कार्ड मूळ वेगावर आणलं. इथे एक गंमत कळली. रेंडर चालू असताना पडद्यावर मधूनच हिरवे ठिपके चमकायचे आणि कधीतरी 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, तो सावरला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी यायची. हे दोन्ही थांबलं. विंडोजचा नियम असा की कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ते गेलं असं समजून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने उभा करायचा. दोन सेकंद. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या तक्रारीला उत्तर यायला किती लागतात ते इथे काढत नाही. आणखी एक कळलं: मेमरीचा वेग झेपेनासा झाला की आकडे चुकतात, कार्ड ती चूक स्वतःच पकडतं आणि तोच माल पुन्हा पाठवतं. म्हणजे वरून वेग वाढलेला, आतून फेऱ्या दुप्पट. मेमरीचा अधिक हजार काढून टाकल्यावर रेंडर जरा लवकरच झाला. भाचा यावर काही बोलला नाही. त्याने फक्त चष्मा पुसला.

तर ओव्हरक्लॉकिंग गुन्हेगार होतं, यात वाद नाही. पण वेगळ्या गुन्ह्यातलं. डिस्प्ले जातच राहिला.

मग मॉनिटरांची चौकशी. काही काम नसतानाही कार्ड गरम राहतं, हे आम्हाला दिसत होतं. त्याचं कारण मला इतकं आवडलं की ते मी आल्यागेल्याला सांगतो. पडद्यावर एक चित्र रंगवून झालं की पुढचं सुरू होण्याआधी क्षणाचाही अंश नसलेला एक विसावा असतो. मेमरीचा वेग कमी-जास्त करायचा तर कार्ड तो त्या विसाव्यात करतं, म्हणजे बघणाऱ्याला झटका दिसत नाही. एकच मॉनिटर असेल तर सोपं आहे. पण एक १४४ वेळा रंगवणारा, दुसरा ६० वेळा, तिसरा आपल्याच तालात. तिघांचे विसावे एकत्र जुळतच नाहीत. मग कार्ड म्हणतं, नकोच ते, मेमरी पूर्ण वेगातच राहू दे. ज्या घरात एकाला पहाटे पाचला डबा लागतो, दुसरा दुपारी तीनला जेवतो आणि तिसरा रात्री एकला कामावरून येतो, तिथली शेगडी कधी थंड होत नाही, त्यातलाच हा प्रकार. आम्ही मधल्या मॉनिटरला १४४ वरून १२० वर आणलं. कार्डाचा पंखा चक्क थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की शेजाऱ्यांचा कुकर ऐकू आला. त्या शांततेत मी 'वा!' म्हणून उठलो आणि डावा मॉनिटर गेला.

ड्रायव्हरचं थोडक्यात सांगतो. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या ड्रायव्हर-उपटण्याच्या सॉफ्टवेअरने जुना समूळ उपटला, नवा टाकला. परिणाम एवढाच की विंडोजने मॉनिटरांची बसायची जागा बदलली. माउस उजवीकडे न्यायचा तर तो डावीकडून बाहेर काढावा लागायचा. बिल्डरला पाठवायची इमारत मी पूर्ण दुपार नसलेल्या दिशेला ढकलत होतो.

मग आल्या केबली. मधल्या मॉनिटरची डिस्प्लेपोर्ट केबल मी बाजारातून कौतुकाने आणली होती: जाडजूड, वेणी घातलेली, सोनेरी टोकांची, '८के' असं ठसठशीत लिहिलेली. भाच्याने ती मीटर लावून तपासली आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच आनंद दिसला. डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, आणि साध्या केबलमध्ये ही पिन दोन टोकांना जोडलेली नसावी असा नियम आहे. या केबलमध्ये ती इमानेइतबारे जोडलेली होती. म्हणजे संगणक बंद केला तरी मॉनिटर उलट्या बाजूने कार्डाला वीज पाजत होता. रात्री संगणकाच्या बंद डब्यात एक दिवा मिणमिणायचा, त्याचा उलगडा झाला. वडिलांनी त्या दिव्याचा संबंध थेट वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटशी जोडला होता. तो त्यांना नाइलाजाने सोडावा लागला. केबल बदलली. दिवा विझला. डिस्प्ले जातच राहिला.

रहस्यकथांमध्ये शेवटी एकच खुनी निघतो, बाकीचे निर्दोष घरी जातात. आमच्याकडे उलट चाललं होतं. ज्याला धरावं तो काही ना काही कबूल करायचा, फक्त विचारलेला गुन्हा सोडून.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलायचा विषय निघाला, म्हणजे खर्चाचा, तेव्हा बायको चौकशीत आली. ती सोसायटीची खजिनदार आहे आणि दुपारी याच संगणकावर हिशेब करते. म्हणाली, "माझ्या वेळी एकदाही जात नाही." भाचा म्हणाला, "मामी, तुझ्या एक्सेलला लोड कुठे असतो!" मीही समजूतदारपणे हसलो. तिने दोघांकडे सोसायटीचे थकबाकीदार असल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "लोड असताना जातो म्हणता. मग रात्रभर रेंडर लावून झोपतोस, तेव्हा का जात नाही?"

उत्तर नव्हतं. रात्रीच्या कुठल्याही रेंडरमध्ये गडबड नव्हती. बायको नसताना जातो, मी असताना जातो, कोणीच नसताना जात नाही. फरक काय? फरक असा की माझी खुर्ची तिला उंच पडते, म्हणून ती शिलाई मशीनचं लाकडी स्टूल ओढून बसते.

पुढचं दृश्य कोणी पाहायला नको होतं. मी खुर्चीवर बसायचो, उठायचो, बसायचो, उठायचो, भाचा पडद्याकडे टक लावून "गेला... नाही... गेला!" असं ओरडायचा. शाळेत भूमितीच्या तासाला मारल्या, त्यानंतरच्या या माझ्या पहिल्या उठाबशा. नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्सची पावती द्यायला आले. त्यांनी दारातून सगळं पाहिलं, पावती बायकोच्या हातात दिली आणि अगदी हलक्या आवाजात "चालू दे" म्हणाले.

हा आमच्या घरचा चमत्कार नाही. मॉनिटर जोडायचं सामान बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीने आपल्या सूचनांमध्येच नोंदवलंय की गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीवर माणूस बसला-उठला की विद्युतचुंबकीय झटका निघू शकतो, व्हिडिओ केबल तो अँटेनासारखा पकडते आणि मॉनिटरचं ताळतंत्र क्षणभर सुटतं. हवा कोरडी असली की अंगावर आणि खुर्चीवर स्थिर वीज जास्त साठते. पुण्याच्या थंडीत दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. हिवाळ्यापासून हे का सुरू झालं, तेही त्यात आलं. उजव्या म्हाताऱ्याची केबल जुनी, जाड, दोन्ही टोकांना काळे गठ्ठे असलेली. ते गठ्ठे फेराइटचे असतात आणि असले झटके गिळायलाच तिथे बसवलेले असतात. इतकी वर्षं मला ती शोभा वाटत होती.

भाच्याने कार्डाची निर्दोष सुटका जाहीर केली आणि कोअरचे दीडशे त्याच संध्याकाळी परत चढवले. मेमरीच्या हजाराबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. मग आम्ही दोघं तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, त्या फेराइटच्या क्लिपा शोधायला गेलो. दुकानदाराने काउंटरवर हात टेकले.

"प्रॉब्लेम काय आहे साहेब?"

"डिस्प्ले जातो."

"कधी?"

"खुर्चीतून उठलं की."

त्याने माझ्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, मागे गिऱ्हाइकं किती उभी आहेत ते पाहिलं.

"मग उठू नका ना," तो म्हणाला. "आणि सवडीने मशीन आणून टाका. फॉरमॅट मारून देतो."