एसी आहे की गाडीत!

भाऊनं काल कट्ट्यावर बसता बसता जाहीर करून टाकलं : रविवारी पहाटे पाचला निघायचं, रात्री नऊपर्यंत मुक्काम गाठायचा. नऊशे किलोमीटर. गाडीत सहा जण. तो, वहिनी, दोन पोरं, आई आणि बाबा. पारा रोज पंचेचाळिशीला टेकतोय.

अण्णांनी लगेच मोडता घातला. "दिवसा कशाला उन्हात भाजून घेतोस? रात्री जेवून निघ. टायर थंड, इंजिन थंड, पोरं झोपलेली."

"आणि चालवणारा?" मी म्हटलं. भाऊ दिवसभर कामावर असणार, तिथून येऊन थेट स्टिअरिंगवर बसणार. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग सतरा तास जागं राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच चुकतो, असं त्यात दिसलं. आणि पहाटेचे दोन ते सहा म्हणजे डोळे आपोआप मिटण्याची वेळ. अण्णा म्हणाले, आम्ही आयुष्यभर रात्रीच गाड्या चालवल्या. चालवल्या असतील, पण घरची सहा माणसं मागे-पुढे बसलेली असताना मी तरी हा धोका पत्करणार नाही, आणि भाऊलाही पत्करू देणार नाही.

"म्हणून तर दिवसा जातोय," भाऊ म्हणाला. "एसी आहे की गाडीत!"

खरी वादावादी इथून सुरू झाली. एसी चालू असेपर्यंत उन्हाळा काचेबाहेरच राहतो, हे मान्य. पण पंक्चर झालं, पुढे रांग लागली, कॉम्प्रेसरचा बेल्ट तुटला तर? दुपारचे दोन, आसपास झाडाची सावली नाही, मदत यायला दोन तास. ते दोन तास या सहा जणांना काढता येतील का, एवढाच माझा प्रश्न होता.

"काचा खाली करू. वारा येईल."

नाही येणार भाऊ, म्हणजे वारा येईल, पण गारवा येणार नाही. आपल्या कातडीचं तापमान पस्तिशीच्या आसपास असतं. हवाच पंचेचाळीस अंश असेल तर ती अंग गार करत नाही, तापवते. गारवा मिळतो तो घाम वाळल्यामुळे, आणि घामासाठी पोटात पाणी असावं लागतं. बंद उभ्या गाडीची गोष्ट तर याहून वाईट. अमेरिकेत २००५ साली झालेल्या मोजणीत उन्हातल्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात साधारण २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्यानं जवळजवळ काहीच फरक पडला नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाचपट वेगानं तापतं. पाच मिनिटांत येतो म्हणून झोपलेल्या पोराला गाडीत ठेवून जायचं नाही. यावर चर्चा नको.

अण्णांचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते उठून भाऊच्या गाडीपाशी गेले होते. "हवा किती ठेवलीयस?"

"दोन-तीन पॉइंट कमीच. उन्हाळ्यात टायर फुटतो ना."

अण्णा एवढे चिडलेले मी क्वचितच पाहिलेत. "अरे, कमी हवेनंच फुटतो! हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते, परत सरळ होते. त्या दबण्यातूनच तो आतून तापतो. दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा ठेव. सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना मोज. चालून तापल्यावर तीन-चार पॉइंट चढणारच, तेव्हा घाबरून हवा काढू नकोस."

मग त्यांनी डिकी उघडायला लावली आणि स्टेपनी बाहेर काढली. अंगठ्यानं धूळ पुसली तेव्हा टायरच्या बाजूवर चार आकडे दिसले : ३११५. म्हणजे टायर बनला तो २०१५ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, एकदाही न वापरलेली. पण त्यांनी कड दाबली तशी बारीक बारीक चिरा उघडल्या, करंगळीचं नख आत जाईल एवढ्या. "दहा वर्षं झाली की टायर चांगला दिसला तरी काढून टाका, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात," अण्णा म्हणाले. भाऊ काही बोलला नाही. मदत यायला लागणारे दोन तास या स्टेपनीच्या भरवशावर होते.

ताई इतका वेळ ऐकत होती. ती नर्स आहे, त्यामुळे तिचे प्रश्न वेगळेच. बाबांचं इन्सुलिन कुठे ठेवणार? डॅशबोर्डच्या कप्प्यात अजिबात नको, तीस अंशांच्या वर ते टिकत नाही. बर्फाला चिकटवूनही नको, गोठलं तरी वाया. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचार, मनानं गोळी बंद करू नकोस. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खं पाकीट घाल. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या, तर पाजत बसू नकोस. सावलीत आण, अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि दवाखाना गाठ. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नकोस.

मग तिनं विचारलं, "आई प्रवासात पाणी पिते का रे?"

"तिला तहानच लागत नाही. पहिल्यापासून तशीच आहे."

"वयानं तहान कमी लागते, खरंय. पण पहिल्यापासून? विचार तरी तिला."

भाऊनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. आई आधी म्हणाली, मला काय होतंय. भाऊनं पुन्हा विचारलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "पाणी प्यायलं की तुम्हाला सारखं थांबावं लागतं ना. आणि दर वेळी धड जागा मिळते असं नाही. त्यापेक्षा घोटभर पिऊन बसलेलं बरं."

भाऊनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि थोडा लांब जाऊन बोलत राहिला. ताई आमच्याकडे बघत म्हणाली, सगळ्याजणी हेच करतात, मीसुद्धा.

परत आला तेव्हा तो म्हणाला, दोन दिवसांत जाऊ. पहाटे निघायचं, अकराच्या आत कुठेतरी खोली घ्यायची, पाच वाजता पुन्हा निघायचं आणि अंधार पडल्यावर मुक्काम. अण्णा म्हणाले, आधी स्टेपनी बदल. त्यानं मान हलवली, नकाशा उघडला आणि दर दीड तासाच्या अंतरावर बरं स्वच्छतागृह कुठे मिळेल ते एकेक करून टिपायला लागला.