कललेल्या बोटीत वाळूच्या गोण्या टाकू नका

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरायला लागल्या की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला नाशिकच्या चार ग्रुपवर आला. 'बोट एका अंगाला कलली? घाबरू नका' अशी सुरुवात आणि खाली पाच उपाय. कलणं म्हणजे वजनाचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला वाळूची गोणी ठेवा. तळातलं पाणी चाखा, गोड लागलं तर पावसाचं, सोडून द्या. ठिबकतंय तिथे आतून सिलिकॉन भरा. ऑटोमॅटिक पंप बसवा आणि निश्चिंत राहा. आणि शेवटी, फोम भरलेली बोट बुडतच नाही.

सातपूरला आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, दरवाजे करतो, आणि बोटींची दुरुस्तीही. हे पाचही उपाय करून झालेल्या बोटी माझ्याकडे येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कलण्याचं कारण वजन असतं, हे खरं. एकाच बाजूची पाण्याची टाकी भरलेली, बॅटऱ्या एकीकडे, नांगराची साखळी एका कोपऱ्यात, असं असेल तर सामान हलवा, बोट सरळ होईल. पण सामान जागच्या जागी असताना बोट गेल्या वर्षीपेक्षा जास्त कलायला लागली, तर ते वजन नवीन आहे. ते आलं कुठून? पाणीही वजनच आहे, एक लिटर म्हणजे एक किलो.

नाशिकच्या पाच मित्रांनी मिळून कोकणातून एक जुनी वीस फुटी केबिनची बोट घेतली. धक्क्याला उभी असताना ती डावीकडे कलायची. त्यांनी मेसेज वाचून उजव्या बाजूला चाळीस-चाळीस किलोच्या तीन गोण्या ठेवल्या. बोट सरळ. पुढे रंगकामासाठी ट्रेलरवर घालून कसारा घाट चढवून माझ्याकडे आणली. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन्ही बाजूंचे बाक वाजवून पाहिले. उजवा टणटण वाजला, डावा भद्द. डाव्या बाकाखालच्या, फोम भरलेल्या बंद पेटीला सगळ्यात खाली १० मिलिमीटरचं भोक पाडलं. तपकिरी, कुजकट वासाचं पाणी आलं. वीस लिटरची बादली लावून ठेवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार बादल्या झाल्या. ऐंशी किलो. आतला फोम चहात बुडवलेल्या पावासारखा हातात यायला लागला.

मेसेजमधल्या 'फोमची बोट बुडत नाही' या वाक्याचं उत्तर त्या बादल्यांत होतं. फोम कोरडा असेपर्यंत तरंगवतो. वर्षानुवर्षं ओलीत राहिला की पाणी पितो आणि सोडत नाही. एका बाजूचाच फोम भिजला तर बोट कायमची त्या बाजूला कलते, आणि तळात थेंबही दिसत नाही. अशी वीस फुटी बोट अंदाजे ऐंशी-नव्वद किलोमागे एक सेंटिमीटर पाण्यात खाली बसते. ऐंशी किलो पाणी आणि एकशेवीस किलो वाळू मिळून ती सव्वादोन सेंटिमीटर तरी खाली गेली होती. बसायच्या जागेतलं पाणी बाहेर सोडणारी निचऱ्याची भोकं पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर असतात. ती खाली गेली की पाणी उलटं आत येतं. म्हणजे गोण्यांनी कल झाकला आणि पाणी शिरायला आणखी एक वाट करून दिली.

आणि मूळ पाणी शिरलं कुठून? आम्ही आधी तळ तपासला, काही सापडलं नाही. वाट वरून होती. बोटीत चढताना सगळे कठड्याचा जो खांब धरून अंग वर ओढतात, त्याच्या बैठकीचे चार बोल्ट ढिले झाले होते. पावसाचं आणि लाटांचं पाणी बोल्टवरून ओघळून थेट बाकाच्या पेटीत जात होतं.

गोणीचा याहून मोठा धोका वेगळाच आहे. परातीत दोन तांबे पाणी घेऊन चालून बघा. परात जरा वाकडी झाली की सगळं पाणी त्याच कडेला धावतं आणि ती आणखी वाकडी होते. तळात मोकळं पाणी असलेल्या बोटीचं हेच होतं. (तळाच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत घातली तर हा परिणाम एक चतुर्थांशावर येतो, बोट बांधणारे अशा भिंती घालतात त्याचं हेही एक कारण.) मोकळं पाणी किंवा टपावरचं सामान जास्त झालं की बोट सरळ उभी राहूच शकत नाही, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलून तिथेच थांबते. अशा वेळी उंच बाजूला गोणी ठेवली किंवा माणसं धावली, तर ती झटक्यात दुसऱ्या अंगावर पडते, आधीपेक्षा जोरात. उलटूही शकते. अशा बोटीत सगळ्यांना मध्यभागी, खाली बसवा, टपावरचं सामान खाली घ्या आणि पाणी उपसा. बाकी सगळं नंतर.

चव घेण्याचा मुद्दा समुद्रावर थोडा तरी उपयोगाचा. गंगापूर, मुकणे, दारणा, आपल्या धरणांतलं पाणी गोडच आहे, मग चाखून काय कळणार? समुद्रातही गोड पाणी म्हणजे पाऊसच असं नाही, पिण्याची टाकी गळत असेल. टाकीत खायचा रंग टाका, तळात रंगीत पाणी आलं की कळलं. शिवाय तळातल्या पाण्यात डिझेल आणि ऑइल असतं, ते तोंडात घालू नका. त्याऐवजी तळ फडक्याने कोरडा करा, प्रत्येक पाइपच्या आणि बोल्टच्या खाली टाल्कम पावडर शिंपडा, सगळे व्हॉल्व्ह बंद करून बोट रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पावडरीत ओघळ कुठून निघाला ते दिसतं. काही दिसलं नाही तर वरून नळीने पाणी मारा, खालच्या भागापासून वर जात, प्रत्येक जागी दहा मिनिटं, आणि आत एक जण टॉर्च घेऊन. डिसेंबरात आपल्याकडच्या थंडीत केबिनच्या छताला आतून दव धरतं, पण त्याने तळ भरत नाही.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. आतून लावलेला थर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने सुटतो, आणि सिलिकॉन लागलेल्या फायबरवर नंतर रेझिन (फायबर जोडणारा चिकट द्रव) धरत नाही, खरवडून काढावं लागतं. बोल्ट काढा, भोक मोठं करा, सुकू द्या, इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरा, मग त्यात बोल्टचं भोक पुन्हा पाडा.

पंपाचं गणित सोपं आहे. पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं. लहान बोटीत बसवतात त्या पंपावर तासाला ५०० गॅलन लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला ३२ लिटरच्या आत. पाणी वर चढवायचं म्हटल्यावर त्याहूनही कमी. पंप हवाच, पण तो गळती लपवतो. बॅटरी उतरली की एका रात्रीत सगळं उघड होतं.

आज ज्यांच्या बोटीत गोण्या आहेत त्यांनी बोट काठाला उथळ पाण्यात पक्की बांधावी. आधी तळ पूर्ण उपसावा, मगच गोण्या एकेक करून काढाव्यात. केबिनच्या छताला एक मीटर दोरीचा ओळंबा टांगा. तो मधल्या खुणेपासून साडेसतरा मिलिमीटर सरकला की एक अंश कल. आकडा तारखेसह लिहून ठेवा, आणि मग बाक वाजवायला लागा.