कॉफीच्या फळाच्या गराबद्दल खुलासा

‘कॉफीच्या फळाच्या वाळवलेल्या गरात कॅफिन नसतं, युरोपनेही तो सुरक्षित ठरवलाय, मुलांना बिनधास्त द्या’ असा संदेश सध्या फिरतो आहे. यातलं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची मला खरोखर काळजी वाटते.

गरात कॅफिन असतं. बियांपेक्षा साधारण कमी, पण असतंच. येमेनमध्ये या फळाच्या सालीचं ‘किशर’ पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं जातं. अशा जुन्या वापराच्या आधारावरच युरोपीय संघाने 2022 मध्ये वाळवलेला गर आणि त्याचा काढा यांना परवानगी दिली, तीही पेयांसाठी. वाटेल त्या पदार्थात, वाटेल तेवढी भुकटी घालायची ती मुभा नव्हे.

दुसरी गोष्ट बुरशीची. ओला, गोड गर लवकर आंबतो. नीट वाळवला नाही तर त्यात ऑक्राटॉक्सिन ए हे मूत्रपिंडांना घातक विष तयार होऊ शकतं, आणि उकळल्याने ते नष्ट होईलच याची खात्री देता येत नाही. म्हणून मळ्यात खतासाठी टाकलेला ढीग उचलून खाण्यात वापरू नका.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या 2015 च्या मतानुसार गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. चहा-कॉफीसोबत हा गरही त्या हिशेबात धरा. लहान मुलांना तो देऊच नका.